बिनतोंडाची गाडी

“ज्या दिवशी माझी गाडी रस्त्यावर येईल ना बाबा, त्या दिवशी पुण्याचा ट्रॅफिक थांबेल!”

बुद्धभूषण वानखडे हे वाक्य गेली दोन वर्षं रोज जेवताना म्हणत असे. त्यावर त्याची आई शालनबाई ताटात भाकरी टाकत म्हणायच्या, “थांबेल हो, आधी जेव.” वडील नागोराव मिरची उचलून अशी चावत, की ऐकणाऱ्याला कळावं, मत आहे, पण राखून ठेवलंय.

तुम्हाला आधीच सांगून टाकतो. ट्रॅफिक थांबला! चांगला पाऊण तास थांबला! पण माणसाचं भविष्य खरं झालं म्हणजे त्याच्या मनासारखं झालं, असं थोडंच असतं?

बुद्धभूषण हडपसरच्या एका छोट्या कंपनीत गाड्यांचं डिझाईन करायचा. कंपनी विजेवर चालणारे पिकअप बनवणार होती. ‘बनवणार होती’ असंच म्हणायचं, कारण तोवर बनला होता एकच, आणि तो याच्या डोक्यातून निघालेला. नाव ‘उभय’. चालकाची केबिन बरोब्बर मधोमध, तिच्या दोन्ही अंगांना सारखेच उघडे हौदे, आणि सगळी गाडी बिनरंगाच्या, चकचकीत, काटकोनी पत्र्याची. मुख्य गंमत पुढेच आहे. म्हणजे गाडीला ‘पुढे’ नव्हतंच! आणि मागेही नव्हतं! केबिनमध्ये दोन्हीकडे स्टिअरिंग. मधली सीट गर्रकन फिरवायची, दिशेचं बटण दाबायचं, की मघाची मागची बाजू झाली पुढची.

“पुण्यातल्या गल्ल्यांत गाडी वळवायला जागा आहे का कुठे?” बुद्धभूषण ऐटीत विचारायचा. “मग वळवायचीच कशाला? माझी गाडी रिव्हर्स जातच नाही. ती कायम पुढेच जाते!”

नागोराव मूळचे अकोल्याकडचे. चौतीस वर्षं बसच्या डेपोत मेकॅनिक. पुण्यात जन्म गेला, पण जिभेवरचं वऱ्हाड काही उतरलं नाही. त्यांनी पहिल्यांदा ‘उभय’ पाहिली तेव्हा डावा पाय ओढत, त्यांची ती चालच होती, गाडीभोवती तीन चकरा मारल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, “तोंड कुठं हाय हिचं?”

“नाहीये बाबा. तेच तर वैशिष्ट्य आहे!”

“लेका, बैलाले तोंड असते, म्हशीले तोंड असते. माणूस तोंड पाहून बाजूले सरकते. हे येऊन राह्यली का जाऊन राह्यली, कसं समजन लोकायले?”

“होईल सवय.”

“सवय होईपर्यंत किती जन खाली येतीन?”

कंपनीचे मालक पृथ्वीराज सर यांनाही हीच शंका होती, फक्त जरा शुद्ध भाषेत. शुक्रवारी त्यांनी बुद्धभूषणला समोर बसवलं. “भूषण, भागीदार म्हणतायत, नाक-डोळे असलेली नेहमीची गाडी काढा. सोमवारी निर्णय आहे. तोपर्यंत ही लोकांत फिरवा आणि ‘ही गाडी मला हवी’ असं म्हणणारा एक माणूस आणा. एकच! पण लेखी. नाहीतर सोमवारी ही भंगारात, आणि तुम्ही नव्या गाडीचं बॉनेट आखायला बसा.”

दोन वर्षं बुद्धभूषणने त्या पत्र्याशी संसार केला होता. गाडी भंगारात म्हणजे त्यालाच कापून किलोवर विकल्यासारखं होतं. पण जिना उतरेपर्यंत गडी सावरला. एकच माणूस? त्यासाठी एवढी काळजी? पुण्यात जेवायला बोलावलं तर माणूस येईलच असं नाही, पण मत द्यायला बोलावलं तर चप्पल न घालता धावत येतो! त्याने दोनशे पानी वही घेतली, वर ठळक अक्षरांत ‘अभिप्राय वही’ लिहिलं आणि दोऱ्याने पेन बांधलं.

“उद्या थेट शनिवार पेठेत नेतो,” त्याने घरी जाहीर केलं. “ज्या गोष्टीला शनिवार पेठेने नावं ठेवली नाहीत, ती जगात कुठेही खपते!”

“मीबी येतो,” नागोराव म्हणाले. “वाटेत बंद पडली त ढकलाले कोनीतरी लागन.”

शनिवारी सकाळी बापलेक हडपसरहून निघाले. पहिल्याच सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. “साहेब, पॅकिंग काढायचं राहिलं का?” पलीकडच्या बाइकवरच्या पोराने मोबाइल काढला. “ब्रो, सिक गाडी, एकदम भारी! पण ही इकडून तिकडे चाललीय की तिकडून इकडे?” तेवढ्यात मागून येणाऱ्या एका स्कूटरवाल्याला वाटलं, गाडी आपल्याच अंगावर येतेय. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय टेकून चक्क हात वर केले.

नागोराव हसले नाहीत. फक्त म्हणाले, “एक.”

शनिवार पेठ येईपर्यंत आकडा सतरावर गेला होता!

एका अरुंद गल्लीत, भिंतीलगत, लोखंडी दांडीवरच्या एका पाटीशेजारी बुद्धभूषणने गाडी लावली. पाटीवर लिहिलं होतं: ‘येथे गाडी लावणाऱ्याने आत येऊन कारण सांगावे. कारण पटणार नाही.’ बुद्धभूषणने पाटी वाचली, पण त्याला वाटलं, ती गाड्यांसाठी असेल. आपली तर ‘उभय’ आहे! त्याने हौद्याला वही टांगली आणि हाताची घडी घालून हसतमुख उभा राहिला.

दोन मिनिटांत समोरच्या दारातून पाटीचे मालक बाहेर आले. सीतारामपंत. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पिशवी, चेहऱ्यावर आयुष्यभराचा नापसंतीचा अनुभव.

“हे काय आहे?”

“काका, ही नव्या जमान्याची इलेक्ट्रिक पिकअप आहे. आपला अभिप्राय हवा होता.”

पंतांची नजर वहीवर गेली आणि तुम्हाला सांगतो, त्या कोरड्या डोळ्यांत पाणी तरळलं! निवृत्तीनंतर वीस वर्षांत त्यांचं मत कुणी आपणहून विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाही सरसावली आणि लिहायला सुरुवात केली. एक पान झालं. दोन झाली. मागे कुणीतरी थांबलं. त्याच्यामागे आणखी दोघं.

“रांग कसली हो?”

“माहीत नाही. पण पुढे काहीतरी लिहून घेतायत.”

“मग मीही थांबतो.”

अर्ध्या तासात रांग गल्लीच्या टोकाला जाऊन वळली! मिसळ खायला निघालेले लोक मिसळ सोडून रांगेत. एक आजी पोळ्या उरकून पुन्हा येते म्हणून नंबर लावून गेल्या. एकाने दोनदा लिहिलं म्हणून दुसऱ्याने हरकत घेतली. त्यावर पहिला म्हणाला, “पहिलं गाडीबद्दल होतं, हे वहीबद्दल आहे!” बुद्धभूषण हरखून गेला. “बघा बाबा! लोक तुटून पडलेत!”

“लोकं वहीवर तुटले, लेका. गाडीकडं पाठ करून उभे हायेत,” नागोराव म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच समोरच्या टोकाकडून गल्लीत शिरला टेम्पो. साधासुधा नाही! नो-पार्किंगमधल्या दुचाक्या उचलणारा! हौद्यात नऊ स्कूटर, शेजारी मालक जयसिंगशेठ जातीने बसलेले, आणि सोबत ट्रॅफिक पोलीस सत्यशीला मॅडम. टेम्पो ‘उभय’च्या समोर येऊन थबकला. त्याच्यामागे रिक्षा, तिच्यामागे पाण्याचा टँकर, त्याच्यामागे अख्खी पेठ. टेम्पोला मागे जाता येईना, पुढे येता येईना. हॉर्नचा नुसता कल्लोळ!

पुण्याचा ट्रॅफिक थांबला होता.

सत्यशीला मॅडम चलनाचं मशीन घेऊन उतरल्या. “कुणाची ही… ही…” त्यांना शब्द सापडेना. “ही वस्तू?”

“माझी. म्हणजे कंपनीची. पिकअप आहे, मॅडम.”

“चलनाला पुढून फोटो लागतो. पुढची बाजू कुठली?”

“पुढची बाजू नाहीये.”

“बरं, मागची दाखवा. मी तिच्या उलट्या बाजूने काढते.”

“मागचीही नाहीये.”

मॅडमनी मशीन खाली घेतलं. “अहो, मी सकाळी सातपासून उन्हात उभी आहे. माझी चेष्टा करू नका.”

झालं! रांगेला विषय मिळाला. निम्मे म्हणाले, टेम्पोकडची बाजू पुढची. निम्मे म्हणाले, रांगेकडची. शेवटी सीतारामपंतांनी वहीतून मान वर केली. “अगदी सोपं आहे. वही ज्या बाजूला आहे, ती पुढची. मत तोंडावर द्यायचं असतं. पाठीमागे बोलायची आमच्यात पद्धत नाही.”

“मग आजवर काय केलंत?” रांगेतून आवाज आला. पंतांनी तेही वहीत नोंदवलं.

“ते राहू द्या!” मॅडम कडाडल्या. “आधी गाडी मागे घ्या!”

बुद्धभूषणची छाती फुगली. याच क्षणासाठी त्याने दोन वर्षं घालवली होती! तो केबिनमध्ये चढला आणि खिडकीतून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडला, “माझी गाडी मागे जात नाही, मॅडम! बघाच आता!”

त्याने सीट गर्रकन फिरवली. रांगेतून “अरे वा!” आलं. त्या एका ‘अरे वा’ने घात केला. बुद्धभूषण इतका सुखावला, की दिशेचं बटण दाबायलाच विसरला! त्याने रांगेकडे बघत, हात हलवत, ऐटीत गाडी सोडली, आणि गाडी, जी कधीच मागे जात नव्हती, ती मुकाट्याने मागे गेली. दांडी वाकली, पाटी निखळली आणि टणकन् हौद्यात येऊन पडली.

पंतांच्या हातातलं पेन दोऱ्याला लोंबकळत राहिलं.

“अहो!” सीतारामपंत गरजले. “पाटी कुठे घेऊन चाललात?”

“चुकून आली, काका!”

“बत्तीस वर्षांत कुणाच्या गाडीत चुकून आली नाही!”

बुद्धभूषण घामाघूम झाला. आता बटण दाबलं की नाही हेच आठवेना. दाबलं असेल आणि पुन्हा दाबलं तर? पुढे कुठे आणि मागे कुठे, हे गाडी काढणाऱ्यालाच कळेना! त्याने बोट बटणाकडे नेलं आणि परत घेतलं.

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. “भूषण! माह्याकडं पाय!”

नागोराव गाडीसमोर, रांगेच्या बाजूला, उभे होते. दोन्ही हात वर. “बटन दाब. एकच खेप. दाबलं? आता हळू. येऊ दे… येऊ दे… येऊ दे…” आणि डावा पाय ओढत तो म्हातारा उलट्या पावलांनी चालू लागला. रांग आपोआप भिंतींना चिकटली. ‘उभय’ त्यांच्या पाठोपाठ, न वळता, न आवाज करता, गल्लीतून अल्लद बाहेर पडली. “बास!”

मोकळ्या झालेल्या गल्लीतून टेम्पो बाहेर आला, तेव्हा जयसिंगशेठचं तोंड उघडंच होतं. “ओ भाऊ, वळवली कशी?”

“वळवली नाही,” बुद्धभूषण कसाबसा म्हणाला.

“मग बाहेर कशी आली?”

बुद्धभूषणने नुसते हात जोडले. वही घेऊन, पाटी परत करून, चलन खिशात घालून तो घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला. शालनबाई म्हणाल्या, “अरे, ट्रॅफिक थांबला म्हणे!” त्याने उशी डोक्यावर घेतली.

रविवारी वही नागोरावांकडेच होती. “पाहतो काय लिवलं लोकायनं,” म्हणाले. बुद्धभूषणला बघायचंसुद्धा नव्हतं.

सोमवारी पृथ्वीराज सरांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले.

“‘वेष्टण बरे आहे. आतली गाडी कधी दाखवणार?’… ‘आमच्याकडे असेच कपाट होते. गंजले.’… ‘पेन नीट चालत नाही.’… ‘वरील मताशी सहमत.’… ‘वरील मताशी सहमत’ असं अकरा वेळा आहे, भूषण. पेनाबद्दल.”

बुद्धभूषण खाली बघत होता. सर पानं उलटत राहिले. सीतारामपंतांची चौदा पानं त्यांनी नुसती वजन केल्यासारखी हातात धरली आणि उलटली. शेवटच्या पानावर ते थांबले.

“अरे! ‘ही गाडी मला पाहिजे. रतन जगताप, कोथरूड.’ खाली फोन नंबर पण आहे!”

बुद्धभूषणने मान इतक्या जोरात वर केली, की कडकन् आवाज आला. सरांनी टेबलावरच्या फोनवरून नंबर फिरवला आणि स्पीकर लावला.

“हॅलो, रतन जगताप का?”

पलीकडे कुणीतरी खाकरलं. “होय. मी रतन जगताप बोलत आहे. आपण कोण?”

बोलणं शाळेच्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध होतं. पण ते खाकरणं! ते खाकरणं बुद्धभूषण जन्मल्यापासून ऐकत आला होता. त्याने डोळे घट्ट मिटले.

“तुम्हाला आमची गाडी खरंच हवी आहे? काय आवडलं तिच्यात?” सरांनी विचारलं.

“त्याचं असं आहे साहेब… माझे एक मित्र आहेत. ते डेपोत होते. एकदा गाडी मागे येत होती, डायव्हरला ते दिसले नाहीत. डावा पाय चाकाखाली आला. त्यांचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. दवाखान्यात म्हणे, बाबा, मी मोठा झालो की मागं न जानारी गाडी काढीन. त्याले… त्यांना वाटलं, पोरगं हाय, बोलते. पन त्यानं काढली ना साहेब! खरंच काढली! मी परवा तिच्यासमोर चाललो. चालवनारा सारा वेळ माह्याच तोंडाकडं पाहत होता. गाडीले तोंड नसन, पन काढनाऱ्याले डोकं हाय!”

बुद्धभूषणच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बत्तीस वर्षांत बापाने त्याला एवढं सलग कधी ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवलं ते परक्याच्या नावाने!

इतक्यात स्पीकरमधून शालनबाईंचा खणखणीत आवाज आला. “अहो, भूषणचा डबा इथंच राहिला की! आणि हे रतन रतन काय लावलंय?”

फोन धाडकन बंद झाला.

पृथ्वीराज सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “भूषण,” ते म्हणाले, “तुमचा डबा घरी राहिलाय.”

“हो सर.”

“आणि वडिलांचा अभिप्राय धरता येत नाही. भागीदारांना काय सांगू? मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण…”

‘पण’च्या पुढचं वाक्य भंगाराचं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. ते वाक्य निघण्याआधी दार ढकलून एक धिप्पाड माणूस आत आला. पांढरे कपडे, बोटांत तीन अंगठ्या.

“ती बिनतोंडाची गाडी इथंच बनती काय?”

जयसिंगशेठ! बुद्धभूषण उभाच राहिला. हा माणूस आता शनिवारच्या खोळंब्याची भरपाई मागायला आला असणार!

“शनिवारी घरी जाऊन जेवलो नाही मी,” जयसिंगशेठ खुर्ची ओढत म्हणाले. “डोक्यात एकच. गल्लीत सरळ शिरायचं, दोन्हीकडनं दुचाक्या भरायच्या, न वळता बाहेर! आवाज नाही, काही नाही! आमचा टेम्पो वळेपर्यंत लोक गाड्या काढून पळत्यात. मला सहा पाहिजेत. कुठं लिहायचं?”

सरांनी वही पुढे केली. जयसिंगशेठनी लिहिलं आणि तक्रार केली, “पेन बरोबर नाही तुमचं.”

“सर, तोंडाचं काय करायचं?” बुद्धभूषणने उगाच आनंदात विचारलं.

“अजिबात बसवू नका!” जयसिंगशेठच ओरडले. “येतीय का जातीय कळत नाही, तेच तर पाहिजे आम्हाला!”

तर असा ‘उभय’चा जीव वाचला. आज सहाच्या सहा गाड्या पुण्यात फिरतात. फक्त बुद्धभूषणने पाहिलं होतं ते स्वप्न जरा उलटं झालं. गाडी आली की लोक थांबून बघत नाहीत. “आली रे!” असं कुणीतरी ओरडतं आणि अख्खी गल्ली हातातला चहा टाकून आपापल्या स्कूटरकडे पळत सुटते. सीतारामपंतांनी त्यांची पाटी बदलली. आता तिच्यावर नुसतं ‘उभय येते’ एवढंच लिहिलंय, आणि तिथे कुणी गाडी लावत नाही.

बुद्धभूषणला परवा फोन आला. नागोराव होते. आवाज बारीक.

“भूषण, मी मंडईत. भाजी घेतली. अन्… अन् आपली स्कूटर उचलली रे.”

“कुणी?”

“तुह्याच गाडीनं. मी पाहत होतो ना तिच्याकडं! मले वाटलं, जाऊन राह्यली.”

“आणि?”

नागोराव खाकरले.

“येऊन राह्यली होती, लेका!”